दोन्ही फाशांवर दरवेळी एकच दान पडतंय? रँडमचं बी कुठे पेरलंय ते आधी बघा

सापशिडीचा प्रोग्राम लिहिलाय, फासा नावाचा क्लास केलाय, त्याचे दोन ऑब्जेक्ट बनवलेत, त्यात टाक नावाचं फंक्शन आहे, कंपाइल होतंय, रन होतंय, एक एरर नाही की वॉर्निंग नाही, पण दोन्ही फाशांवर दान कायम सारखं. तीन-तीन. परत रन केलं, पाच-पाच. परत केलं, एक-एक. मी डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना प्रोग्रामिंग शिकवते आणि क्लास-ऑब्जेक्ट सुरू झाले की पंधरा दिवसांत कुणी ना कुणी हीच तक्रार घेऊन येतं, दर सेमिस्टरला, न चुकता. दरवेळी तोंडी सांगते, यावेळी सगळं एका जागी लिहून ठेवतेय, कारण वरून एकच दिसणाऱ्या या दुखण्याची मुळं तीन-चार वेगवेगळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

सगळ्यात जास्त सापडणारं मूळ आधी घेऊ. एक विद्यार्थिनी गणपतीत सोसायटीच्या हाउजीसाठी तिकिटं छापायचा प्रोग्राम घेऊन आली होती, सी प्लस प्लसमधे. तिकीट नावाचा क्लास, त्याच्या कन्स्ट्रक्टरमधे (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन) १५ आकडे भरायचे, अशी ४० तिकिटं. क्लास सुबक लिहिला होता, रकाने बरोबर, १ ते ९० ची हद्द बरोबर, एक आकडा दोनदा येऊ नये याची तपासणीही होती. आणि ४० च्या ४० तिकिटं अगदी तंतोतंत सारखी. म्हणजे खेळ सुरू झाला असता तर जल्दी फाइव ४० घरांना एकदमच लागला असता. कन्स्ट्रक्टरची पहिली ओळ अशी होती:

एसरँड(टाइम(नल));

आणि पुढे लूपमधे:

आकडा = रँड() % ९० + १;

ही पहिली ओळ तिने कुठून तरी बघून घातली होती, तिथे लिहिलं होतं की रँड (रँडम आकडा देणारं फंक्शन) वापरायच्या आधी एसरँड (त्याची सुरुवात ठरवणारं फंक्शन) करायचं असतं. ते खरंच आहे. पण "आधी" म्हणजे प्रोग्राम सुरू होताना एकदा, प्रत्येक ऑब्जेक्टच्या आधी नाही, हे तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

असं का होतं ते कळायला रँड आतून काय करतं ते एकदा वहीत हाताने करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. कॉम्प्युटर फासा-बिसा काही टाकत नाही. त्याच्याकडे एक आकडा जपून ठेवलेला असतो आणि तुम्ही मागितलं की तो एका ठरलेल्या गणिताने त्यातून पुढचा आकडा काढतो, तुम्हाला देतो आणि तोच जपून ठेवतो. मी वर्गात फळ्यावर हे गणित घेते: आधीच्या आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. सुरुवात ७ पासून. पाच सत्ते पस्तीस, अधिक तीन अडतीस, सोळाने भागल्यावर बाकी ६. मग सहाचे तेहेतीस, बाकी १. मग ८. मग ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि शेवटी परत ७. सोळाच्या सोळा आकडे एकेकदा आले आणि चक्र पूर्ण झालं. बघणाऱ्याला हे आकडे विस्कटलेले वाटतात, पण ७ पासून सुरू केलंत तर ६, १, ८, ११ हेच येणार, आज करा, उद्या करा, तुम्ही करा की मी करू. खऱ्या लायब्ररीत गुणायचे आकडे मोठे असतात आणि चक्र अवाढव्य असतं, पण गोष्ट तीच.

ते सुरुवातीचं ७ म्हणजे सीड, बी. बी तेच तर पीक तेच. आता टाइम(नल) काय देतं, तर १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले तो आकडा. सेकंद! आणि ४० तिकिटं बनायला पुरता एक सेकंदही लागत नाही. म्हणजे पहिलं तिकीट बनताना बी पेरलं, १५ आकडे काढले, दुसरं तिकीट बनायला घेतलं, परत तेच बी पेरलं कारण घड्याळात अजून तोच सेकंद चालू आहे, परत तेच १५ आकडे. आपल्याकडे दुबार पेरणी म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं तेच इथे होतं, आधी उगवलेलं सगळं मोडून शेत पुन्हा सुरुवातीला. कधी कधी मधेच सेकंद बदलतो आणि मग पहिली २३ तिकिटं एका जातीची आणि पुढची १७ दुसऱ्या जातीची असं निघतं. असे गठ्ठे दिसले की समजा हेच दुखणं आहे, दुसरं काही शोधत बसू नका.

याची अजून एक पक्की खूण आहे. डीबगरमधे एकेक ओळ पुढे सरकवत बघितलं की सगळं बरोबर येतं, सरळ रन केलं की सगळं सारखं. पोरं इथेच चक्रावतात, त्यांना वाटतं कंपाइलरच बिघडलाय. साधं आहे, तुम्ही बोटाने ओळी सरकवता तोवर घड्याळ पुढे जातं, म्हणून बी बदलतं. यावरूनच बरेचजण आपल्या मनाने एक इलाज काढतात, प्रत्येक ऑब्जेक्टनंतर एक सेकंद झोप घालतात. त्या मुलीनेही आधी तेच केलं होतं, ४० तिकिटांना ४० सेकंद, आणि आकडे खरंच वेगळे यायला लागले होते. पण हा इलाज नाही, हा दुखण्यावर घातलेला पडदा आहे. उद्या चारशे तिकिटं लागली तर साडेसहा मिनिटं बसून राहायचं का?

खरा इलाज इतका छोटा आहे की सांगितल्यावर पोरं थोडा वेळ गप्पच होतात. ती एसरँडची ओळ कन्स्ट्रक्टरमधून उचला आणि मेनच्या, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनच्या, पहिल्या ओळीला नेऊन ठेवा. बास. क्लासमधे, टाक फंक्शनमधे, लूपमधे, कुठेही एसरँड नको. सगळी ऑब्जेक्टं एकाच रांगेतून पुढचा पुढचा आकडा घेतात, पहिल्या तिकिटाला पहिले १५, दुसऱ्याला त्याच्या पुढचे. प्रत्येक ऑब्जेक्ट "स्वतंत्र" हवं म्हणून प्रत्येकाला स्वतःचं रँडम द्यायचं, असं आपल्याला आपसूक वाटतं, आणि ऑब्जेक्ट शिकवताना आम्हीच सांगतो ना की प्रत्येकाचं सामान प्रत्येकाच्या पोटात ठेवा. इथे ते उलटं पडतं. विहीर एकच ठेवायची, घागरी वेगवेगळ्या.

आता यातला एक छुपा प्रकार, जो मला जास्त धोक्याचा वाटतो. समजा एसरँड कन्स्ट्रक्टरमधेच आहे, पण दान नंतर टाकलं जातं, कन्स्ट्रक्टरच्या बाहेर. मग दोन्ही फासे आधी बनतात, दोनदा पेरणी होते, पण त्यानंतर दोघं एकाच रांगेतून आकडे घेतात, म्हणून दानं वेगळी पडतात आणि सगळं ठीक चाललंय असं दिसतं. बग आहे, पण दिसत नाही. मग दोन महिन्यांनी तुम्ही खेळात तिसरा खेळाडू मधेच सामील होण्याची सोय करता, त्याचा फासा बनतो, आणि त्या क्षणी सगळ्यांची रांग नव्या सेकंदाच्या बीवर जाते. एका खेळाडूने येऊन दान टाकलं आणि त्याच सेकंदात दुसरा आला, तर पडून गेलेली दानंच परत पडतात. म्हणून "माझ्याकडे चालतंय" एवढ्यावर थांबू नका, अख्ख्या प्रोजेक्टमधे एसरँड शोधा, एकापेक्षा जास्त ठिकाणी सापडलं तर बाकीची उडवा.

याच्या बरोबर उलटी तक्रार पण येते: ऑब्जेक्टं एकमेकांपासून वेगळी आहेत पण प्रोग्राम कितीदाही चालवला तरी तेच आकडे, त्याच क्रमाने. तिथे तुम्ही पेरलेलंच नाहीये. सी मधे एसरँड न करता रँड वापरलं तर बी १ धरलं जातं. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरने केलं असेल तर पहिले तीन आकडे ४१, १८४६७, ६३३४ येतील, लिनक्सवर नेहमीच्या लायब्ररीत पहिला १८०४२८९३८३ येईल. हे आकडे ओळखीचे झाले की कुणाच्या स्क्रीनवर नुसतं बघून सांगता येतं की बी विसरलंय. ज्यांनी टर्बो सी वर सुरुवात केली त्यांना तिथलं रँडमाइझ आठवत असेल, ते हेच काम करायचं, घड्याळावरून बी पेरायचं, आणि तेही मेनमधे एकदाच लिहायचं असायचं.

आणि मायक्रोसॉफ्टच्या त्या रँडची एक गंमतशीर खोड आहे जी मी स्वतः तासभर बघत बसले होते. बी मेनमधे बरोबर एकदाच पेरलंय, तरी प्रोग्राम दर सेकंदाला परत परत चालवला आणि फक्त पहिला आकडा छापला तर तो प्रत्येक वेळी ३ नाहीतर ४ ने वाढत जातो. म्हणजे समजा १२००, १२०३, १२०६, १२१०. कारण त्याचं गणित आहे बीला २१४०१३ ने गुणायचं, २५३१०११ मिळवायचे आणि मग खालचे १६ बिट टाकून द्यायचे, म्हणजे ६५५३६ ने भागल्यासारखं. बी एकने वाढलं की निकाल २१४०१३ भागिले ६५५३६, म्हणजे साधारण सव्वातीनने वाढणार. घाबरायचं कारण नाही, पेरल्यावर पहिले काही आकडे काढून फेकून द्या किंवा सरळ नवीन रँडम लायब्ररी वापरा. पण यातून एक मोठी गोष्ट कळते, की शेजारशेजारच्या बियांमधून उगवणाऱ्या रांगा एकमेकींसारख्या दिसू शकतात.

ही गोष्ट मुद्दाम सांगतेय कारण घड्याळाचा घोळ समजलेली हुशार पोरं पुढची चूक इथेच करतात. ती म्हणतात, घड्याळ सारखं येतं ना, मग मी प्रत्येक ऑब्जेक्टला त्याचा नंबरच बी म्हणून देतो, पहिल्याला ०, दुसऱ्याला १, तिसऱ्याला २, बी वेगळं म्हणजे आकडे वेगळे! जावात करून बघा. न्यू रँडम(०) करून नेक्स्टडबल मागा, ०.७३०९ येईल. न्यू रँडम(१) करून मागा, ०.७३०८. न्यू रँडम(४२) करून मागा, ०.७२७५. ० पासून ९९ पर्यंत कुठलंही बी द्या, पहिला आकडा ०.७२ ते ०.७४ च्या आसपासच राहतो. आता फाशासाठी त्याला ६ ने गुणा, अपूर्णांक टाका, १ मिळवा. शंभरच्या शंभर फाशांवर ५! शंभर वेगवेगळी बियाणं, शंभर वेगवेगळी ऑब्जेक्टं, आणि पहिलं दान सगळ्यांचं पाच. दुसऱ्या-तिसऱ्या दानापासून हळूहळू विखुरतं म्हणून हा बग टेस्टिंगमधे सुटतो, पण ज्या ऑब्जेक्टला आयुष्यात एकच रँडम आकडा लागतो, समजा खेळातल्या राक्षसाची ताकद किंवा झाडाची उंची, तिथे सगळी झाडं एकाच उंचीची उगवतात.

जावात न्यू रँडम() नुसतं, कंसात काही न देता लिहिलं तर हल्लीच्या जावात प्रत्येकाला आतून वेगळं बी मिळतं, तिथे सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो कंसात आपण हौसेने सिस्टिमचं करंट टाइम मिलिस घातलं की, कारण एका मिलिसेकंदात पण शेकडो ऑब्जेक्टं बनतात. सी शार्पवाल्यांनी मात्र नीट बघा. सी शार्प ज्यावर चालतं त्या जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कमधे न्यू रँडम() घड्याळावरून बी घेतं आणि ते घड्याळ विंडोजवर साधारण १५ मिलिसेकंदांनी सरकतं, म्हणून लूपमधे दहा रँडम बनवले तर दहाही जुळे भाऊ. डॉट नेट कोअर आल्यावर हे सुधारलं. म्हणजे तोच कोड घरच्या नव्या लॅपटॉपवर बरोबर आणि लॅबमधल्या जुन्या मशीनवर चूक असं होतं, आणि मग प्रॅक्टिकलच्या परीक्षेला रडू येतं. दोन्हीकडे चालणारा उपाय म्हणजे क्लासमधे एकच स्टॅटिक रँडम ठेवा आणि सगळ्या ऑब्जेक्टांनी तोच वापरा. डॉट नेट ६ पासून रँडम डॉट शेअर्ड तयारच मिळतं, ते एकाच वेळी बऱ्याच थ्रेडमधून (एका प्रोग्राममधे समांतर चालणारी कामं) वापरलं तरी चालतं. साधा रँडम तसा वापरला तर तो आतून बिघडतो आणि शून्यच शून्य द्यायला लागतो, हे पण ध्यानात ठेवा.

पायथॉनवाल्यांना बीचा त्रास जवळपास नाहीच, कारण इम्पोर्ट रँडम केल्यावर सगळी फंक्शनं आतल्या एकाच सामायिक जनरेटरवर चालतात आणि त्याचं बी ऑपरेटिंग सिस्टिमकडून येतं. तरीही पायथॉनमधे "सगळी ऑब्जेक्टं सारखी" ही तक्रार येतेच, आणि तिचं मूळ पूर्ण वेगळं असतं. तिथे रँडम आकडा एकदाच काढला गेलेला असतो आणि सगळ्यांना तोच वाटला जातो. बघा, क्लास फासा लिहिलं, आणि इनिटच्या (पायथॉनमधला कन्स्ट्रक्टर) बाहेर, थेट क्लासच्या अंगात लिहिलं:

आकडा = रँडम.रँडइंट(१, ६)

ही ओळ क्लास तयार होताना एकदा चालते, ऑब्जेक्ट बनताना नाही. शंभर फासे बनवा, सगळे तोच आकडा दाखवणार. ती ओळ इनिटच्या आत न्या आणि सेल्फ डॉट आकडा करा, सुटलं. दुसरा प्रकार जरा लपलेला आहे, इनिटमधे डिफॉल्ट किंमत म्हणून दिलेलं असतं:

डेफ इनिट(सेल्फ, आकडा=रँडम.रँडइंट(१, ६)):

दिसायला किती शहाणं दिसतं! पण पायथॉन डिफॉल्ट किंमत फंक्शन वाचताना एकदाच काढून ठेवतो. डिफॉल्टला नन ठेवा आणि आत बघा, नन असेल तर आकडा काढा. तिसरा प्रकार म्हणजे [फासा()] * ५. इथे पाच फासे बनतच नाहीत, एकच फासा बनतो आणि यादीत त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या पाच चिठ्ठ्या असतात, एक टाकला की पाचही बदलतात. यासाठी प्रत्येकाचा आयडी छापून बघा, पाचही आयडी सारखे आले तर रँडमकडे बघूच नका, तुमच्याकडे मुळात एकच फासा आहे. [फासा() फॉर आय इन रेंज(५)] असं लिहिलं की पाच खरे फासे मिळतात. जावास्क्रिप्टमधे अॅरे(५).फिल(न्यू फासा()) लिहिणाऱ्यांचं दुखणं पण हेच आहे, फिल एकच वस्तू सगळ्या खान्यांत भरतं.

सी प्लस प्लसमधे २०११ पासून नवीन रँडम लायब्ररी आहे, त्यात मर्सेन ट्विस्टर नावाचं इंजिन मिळतं, माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९७ मधे बनवलेलं, पायथॉनच्या पोटात पण तेच आहे. त्याचं चक्र २ चा १९९३७ वा घात वजा १ एवढं लांब, म्हणजे आकडे परत फिरून येतील ही चिंता सोडा. मी आता पोरांना हेच वापरायला सांगते. पण यात ऑब्जेक्टांपुरता एक नवा खड्डा आहे: इंजिन ही साधी वस्तू आहे, तिची कॉपी होते. फासा बनवताना कन्स्ट्रक्टरला इंजिन नुसतं व्हॅल्यूने दिलं तर प्रत्येक फाशाला इंजिनची आहे त्या अवस्थेतली झेरॉक्स मिळते, ६२४ च्या ६२४ आतले आकडे सकट, आणि मग सगळे फासे तीच रांग सुरुवातीपासून वाचतात. बी एकदाच पेरलंय, एसरँड कुठेही नाही, सगळं नियमाप्रमाणे केलंय तरी दानं सारखी, आणि माणूस डोकं धरून बसतो. रेफरन्सने द्या, म्हणजे कॉपी नाही तर मूळ इंजिनच, नावाआधी ते अँडचं चिन्ह लावा, आणि फाशाच्या आत पण रेफरन्स किंवा पॉइंटरच ठेवा, नाहीतर बाहेरून रेफरन्सने घेऊन आत परत कॉपीच होईल. एक गोष्ट अजून, विंडोजवर मिंगडब्ल्यूचा (जीसीसीचा विंडोजवरचा अवतार) जुना कंपाइलर असेल तर बीसाठी वापरलेलं रँडम डिव्हाइस प्रत्येक वेळी तेच आकडे देतं, जीसीसी ९.२ पासून ते सुधारलंय. लॅबमधे वर्षानुवर्षं तोच कंपाइलर असतो, म्हणून आवृत्ती तपासा.

आता दुरुस्ती खरंच झाली का हे कसं तपासायचं? दोन-चार वेळा रन करून "वेगळे येतायत" म्हणणं ही तपासणी नाही, आणि उलट एकदा चार-चार आलं म्हणून बग आहे असंही नाही. स्वतंत्र म्हणजे वेगळे नव्हे, हे मी वर्गात दहादा सांगते. दोन खऱ्या फाशांची ३६ दानं, त्यातली ६ सारखी, म्हणजे सहातून एकदा डबल पडायलाच पाहिजे. तर ६००० वेळा दोन्ही फासे टाका आणि डबल मोजा. हजाराच्या आसपास आले, ९०० ते ११०० च्या मधे, तर ठीक. ६००० आले तर पेरणी किंवा कॉपीचा घोळ. आणि शून्य आले तर? हे पण होतं आणि याकडे कुणाचंच लक्ष नसतं, कारण आकडे वेगळे दिसले की आपण खूश असतो.

मघाचं फळ्यावरचं गणित परत घ्या. ७ नंतर ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५. सम, विषम, सम, विषम. दोन फासे एकाच रांगेतून आळीपाळीने आकडे घेत असतील तर पहिल्याला ६, ८, १०, १२, १४, ०, २, ४ आणि दुसऱ्याला १, ११, ५, १५, ९, ३, १३, ७. सहाने भागून बाकी घ्या, एक मिळवा: पहिल्या फाशावर आयुष्यभर १, ३, ५ आणि दुसऱ्यावर २, ४, ६. डबल कधीच नाही. एकेका फाशाकडे बघितलं तर आकडे बदलतायत, दोघांकडे बघितलं तरी वेगळे आहेत, आणि तरीही ते एकमेकांना बांधलेले आहेत, एकाचं दान बघून दुसऱ्याचं सम की विषम हे सांगता येतं. २ च्या घाताने बाकी काढणाऱ्या या जातीच्या गणितात खालचे बिट असेच कच्चे असतात, म्हणून जुन्या रँडसाठी बाकी काढणाऱ्या % चिन्हाऐवजी वरचे बिट वापरा असा सल्ला असायचा. आता रँडइंट, नेक्स्टइंट, युनिफॉर्म इंट डिस्ट्रिब्यूशन यांपैकी आपल्या भाषेत जे असेल ते वापरा, % चिन्ह सोडा. विहीर एक असावी हे खरं, पण पाणीही चांगलं असायला पाहिजे.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी एवढंच, की लिनक्सवर पायथॉनमधे प्रोसेस फोर्क करून, म्हणजे चालू प्रोग्रामच्या प्रती काढून, कामं वाटली तर प्रत्येक पोटप्रोसेसला नमपायच्या (पायथॉनची गणिताची लायब्ररी) जनरेटरची अवस्था जशीच्या तशी वारशाने मिळते आणि सगळ्या प्रोसेस तेच रँडम आकडे काढतात. इथे मात्र एक विहीर पुरत नाही, प्रत्येकाला वेगळं बी द्यावंच लागतं, आणि ते ०, १, २ असं हाताने नाही तर नमपायचं सीड सीक्वेन्स आहे त्याच्या स्पॉनने, ते याच कामासाठी बनवलंय. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत पण प्रत्येक थ्रेडचं बी वेगळं धरलं जातं, मेनमधे पेरलेलं दुसऱ्या थ्रेडला लागू होत नाही आणि तो १ पासूनच सुरू करतो, तिथे थ्रेडच्या सुरुवातीला एकदा पेरावं लागतं.

हाउजीच्या तिकिटांचं शेवटी काय केलं ते सांगते. एसरँड काढलं, मर्सेन ट्विस्टर मेनमधे एकदा बनवलं, तिकिटाच्या कन्स्ट्रक्टरला रेफरन्सने दिलं. आकडा काढून "आधी आलाय का" बघत बसण्याऐवजी प्रत्येक रकान्याचे आकडे एका यादीत भरून शफल केली आणि वरून लागतील तेवढे उचलले, कारण एका तिकिटाच्या आतले आकडे स्वतंत्र नकोच असतात, ते वेगळेच असायला हवेत. आणि मी तिला बी एका कागदावर लिहून ठेवायला सांगितलं, तिकिटांच्या गठ्ठ्याबरोबर. कुणाचं तिकीट भिजलं-फाटलं तर तेच बी देऊन प्रोग्राम परत चालवायचा, ४० ही तिकिटं हुबेहूब परत निघतात, त्यातलं हवं ते छापायचं. दुसऱ्या दिवशी एका आजींच्या तिकिटावर खरंच चहा सांडला, आणि २७ नंबरचं तिकीट दोन मिनिटांत परत छापून त्यांच्या हातात होतं.